शेजारच्या किड्याचा वास आणि पाइनची जंगलं

(मंचाच्या वार्षिक शिबिरातल्या भाषणाचं लेखी रूप. बोलण्यातला सूर तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण शाळा, आरक्षण, पाणीवाटप अशा भारदस्त विषयांवर चर्चा केली. आता जेवणानंतर मला किड्यांवर बोलायला उभं केलंय. संयोजकांचा हिशेब असा दिसतो, की यात कोणाला डुलकी लागली तरी चळवळीचं फार नुकसान होणार नाही. पण विषय वाटतो तेवढा आडबाजूचा नाही. विष किती वापरायचं, ते कोणाच्या अंगावर उडतं, आणि विष न वापरता काम होत असेल तर ते काम करून घ्यायला पैसे कोण देतं, हे प्रश्न आपल्या ओळखीचेच आहेत.

मी व्यवसायाने रसायनशास्त्राचा. त्यामुळे मला किड्यापेक्षा त्याच्या वासात जास्त रस. तरी सुरुवात किड्यापासूनच करायला हवी.

इंग्रजीत ज्याला बार्क बीटल म्हणतात त्याला मराठीत रूढ शब्द नाही. कृषी खात्याच्या मराठीत बीटलला भुंगेरा म्हणतात, म्हणून मी आपला सालभुंगेरा म्हणतो. तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट, दिसायला अगदीच सामान्य. आपल्यापैकी जे कोलोरॅडो, मोंटाना किंवा ब्रिटिश कोलंबियात फिरायला जातात त्यांनी डोंगरच्या डोंगर तांबडे झालेले पाहिले असतील. पर्यटकांना ते फॉल कलर वाटतात. पाइनला फॉल कलर नसतात. ती मेलेली झाडं आहेत.

१९९०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश कोलंबियात माउंटन पाइन बीटलची साथ सुरू झाली आणि पुढची पंधराएक वर्षं चालली. तिचा फटका सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला बसला. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो, विदर्भ आणि मराठवाडा एकत्र केले तरी एवढं क्षेत्रफळ भरत नाही. प्रांतातलं विकण्याजोगं लॉजपोल पाइन निम्म्याहून जास्त मेलं. २००६ साली भुंगेरे वाऱ्यावर स्वार होऊन रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात मोठ्या संख्येने उतरले. २००८ साली वर्नर कुर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की जे जंगल हवेतला कार्बन शोषून घेत होतं तेच या साथीमुळे कार्बन सोडायला लागलं आहे. आधी मेलेलं लाकूड घाईने तोडून गिरण्यांना काम मिळालं, आणि मग लाकूडच संपलं. क्वेनेल, ह्यूस्टन अशा गावांतल्या मोठ्या गिरण्या २०१४ सालात बंद झाल्या. त्या भागातल्या लाकूडगिरण्यांमध्ये पंजाबी कामगारांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या आहेत. तेव्हा 'तिकडच्या गोऱ्या लोकांची झाडं' असं म्हणून सोडून देता येत नाही.

असं का झालं, याचं उत्तर निम्मं आपल्याकडेच येतं. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत गेला आणि तिथे राहिला, तर सालीखालच्या अळ्या मरतात. तसे हिवाळे येईनासे झाले. शिवाय शंभर वर्षं वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच वयाची, म्हातारी, जाड बुंध्याची झाडं मैलोन्मैल उभी होती. भुंगेऱ्याला पंगत मांडूनच दिलेली.

आता किड्याची गोष्ट. जिवंत पाइन ही काही सोपी शिकार नाही. सालीला भोक पाडलं की झाड राळ सोडतं आणि किड्याला त्यात बुडवून बाहेर ढकलतं. एकट्यादुकट्या भुंगेऱ्याचा निभाव लागत नाही. शेकडो भुंगेरे एकाच झाडावर, एक-दोन दिवसांत तुटून पडले तरच झाडाची राळ अपुरी पडते. म्हणून पहिल्या मादीला हाकारे घालावे लागतात. माउंटन पाइन बीटलची मादी झाडाच्याच राळेतलं अल्फा-पाइनीन घेते, आपल्या शरीरात त्याचं ट्रान्स-व्हर्बेनॉल बनवते आणि हवेत सोडते. झाडाचंच शस्त्र घेऊन त्याच्यावर उलटवते म्हणा ना. त्या वासावर नर-माद्या दोघंही येतात. येताना अंगावर निळी बुरशी घेऊन येतात, ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. झाड उभ्या उभ्या मरतं. पानं मात्र पुढच्या वर्षी तांबडी होतात. म्हणजे आपल्याला झाड तांबडं दिसतं तेव्हा किडा त्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

हवेत सोडलेल्या अशा निरोपांना फेरोमोन म्हणतात. हा शब्द १९५९ सालचा, कार्लसन आणि ल्यूशर यांनी बनवलेला. त्याच वर्षी जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांमधून पहिला असा रेणू शुद्ध करून ओळखला. मराठीत त्याला कामगंध म्हणतात, आणि विदर्भातल्या कुठल्याही कापूस उत्पादकाला 'कामगंध सापळे' हा शब्द ठाऊक असतो. शब्द छान आहे, पण आपल्या भुंगेऱ्याला लागू पडत नाही. इथे वास घेऊन येणाऱ्यांत नर आणि माद्या दोन्ही असतात. हा कामाचा गंध नाही, मोर्चाचा आहे. समूहगंध म्हणू या.

सालभुंगेऱ्यांचा समूहगंध पहिल्यांदा उलगडला तो कॅलिफोर्नियात. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे सिल्व्हरस्टाइन आणि रोडिन, आणि बर्कलीचे डेव्हिड वूड. किडा होता इप्स पॅराकन्फ्यूसस. या इप्स कुळात नर आधी झाडात शिरतो, लहानशी खोली कोरतो आणि मग दोन-तीन माद्या येतात. नरांनी पोखरून काढलेला भुसा किलोकिलोंनी जमवून त्यातून तिघांनी तीन रेणू काढले: इप्सेनॉल, इप्सडायनॉल आणि सिस-व्हर्बेनॉल. १९६६ साली 'सायन्स'मध्ये तो निबंध आला. त्यातली मजा अशी, की एकेकटा रेणू फारसं काही करत नव्हता. एकत्र केले की किडे धावत येत. आमटीतल्या मसाल्यासारखं आहे हे, नुसत्या मोहरीला कोण विचारतो?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बोलावण्याचा वास असतो तसा 'पुरे, आता येऊ नका' असाही वास असतो. झाडावर गर्दी वाढली की व्हर्बेनोन नावाचा रेणू वाढत जातो. थोडा किड्यांच्या शरीरात होतो, बराचसा त्यांच्याबरोबर आलेल्या यीस्ट आणि इतर सूक्ष्मजीवांमुळे. उशिरा आलेल्या किड्याला तो सांगतो, की इथे हाउसफुल्लचा बोर्ड लागला आहे, पुढच्या थिएटरला जा. अंतर्साल कागदी पुठ्ठ्याएवढी पातळ, त्यात शेकडो अळ्या. गर्दी झाली तर सगळ्याच उपाशी मरतील. डग्लस-फरवरच्या भुंगेऱ्याचाही असा रेणू आहे. त्याचं रासायनिक नाव लांबलचक आहे, सगळे त्याला एमसीएच म्हणतात.

पण एका झाडावर एकाच जातीचा किडा असतो असं थोडंच आहे? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका पाइनवर पाच-पाच जाती राहतात. शेंड्याकडच्या फांद्यांत एक इप्स, बुंध्याच्या मध्यावर सदर्न पाइन बीटल, आणखी दोन इप्स आपापल्या जागा धरून, आणि अगदी मुळाशी ब्लॅक टर्पेंटाइन बीटल. चाळीत जसे मजले वाटलेले असतात तसे. ही वाटणी भांडणाने कमी आणि वासाने जास्त होते. १९८०-८१ साली बर्च, पेन, श्विहरा वगैरे मंडळींनी याचा चांगला अभ्यास केला आहे.

पुण्यातल्या एखाद्या मैदानात एका मंडळाचा मांडव पडला असेल, लाउडस्पीकर सुरू झाला असेल, तर दुसऱ्या मंडळाचा कार्यकर्ता लांबूनच आवाज ऐकून दुसरं मैदान शोधतो. पहिल्या मंडळाने त्याला 'येऊ नको' असं काही सांगितलेलं नसतं. ते आपल्या लोकांना बोलावत असतात. ऐकणाऱ्याने त्यातून आपला अर्थ काढलेला असतो. भुंगेऱ्यांचं अगदी असंच आहे. एका जातीचं आमंत्रण हाच दुसऱ्या जातीला मज्जाव.

हे स्वच्छपणे दाखवलं बर्च आणि वूड यांनी, १९७५ साली. कॅलिफोर्नियातल्या पाइनवर इप्स पॅराकन्फ्यूसस आणि इप्स पिनाय या दोन जाती जवळजवळ राहतात. दोघींचा वास शेजारी शेजारी सोडला, तर दोघींचेही किडे कमी येतात. दोन्ही एकमेकींना अडवतात. मग शोध सुरू झाला, की नेमका कोणता रेणू अडवतो. पॅराकन्फ्यूससचं इप्सेनॉल पिनायला अडवतं, हे समजण्यासारखं होतं. पण पिनायकडे होतं इप्सडायनॉल, आणि इप्सडायनॉल तर पॅराकन्फ्यूससच्याही आमंत्रणात आहे! एकच रेणू बोलावतोही आणि हाकलतोही, हे कसं?

इथे मला थोडा वेळ द्या, कारण हा माझा आवडता भाग आहे. आपले दोन हात सारखे असतात, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात जात नाही. काही रेणूंचंही असंच असतं: तेच अणू, तीच जोडणी, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. तुमच्या स्वयंपाकघरात याचा पुरावा आहे. पुदिन्याचा वास कार्व्होन नावाच्या रेणूचा. बाळंतशेपाच्या वासातही कार्व्होनच, पण आरशातला. एकाची चटणी होते, दुसरा बाळंतिणीच्या पानात पडतो, आणि डोळे मिटूनही दोन्हींत कोणी गल्लत करत नाही. म्हणजे आपल्या नाकालाही डावं-उजवं कळतं. भुंगेऱ्याला ते आपल्यापेक्षा बारकाईने कळतं. पॅराकन्फ्यूसस एका हाताचं इप्सडायनॉल वापरतो, कॅलिफोर्नियातला पिनाय दुसऱ्या हाताचं, आणि शेजाऱ्याच्या हाताचा रेणू आला की पाय मागे घेतो. टोक्यो विद्यापीठाचे केंजी मोरी यांनी दोन्ही हातांचे रेणू शुद्ध स्वरूपात वेगवेगळे बनवून दिले, म्हणून हे कोडं नीट सुटलं. रसायनशास्त्रज्ञाचा एवढा उपयोग असतो हे किडेवाल्यांनी मान्य केलं, याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद आहे.

आणखी एक गंमत. न्यूयॉर्ककडचा इप्स पिनाय दोन्ही हातांचे रेणू मिसळून बोलतो. जात एकच, पण बोली वेगळी. कॅलिफोर्नियाच्या प्रमाणभाषेत लिहिलेलं आमंत्रण पूर्वेच्या किड्याला नीटसं पोचत नाही. त्यामुळे एकाच प्रकारची पुडी तयार करून सगळ्या अमेरिकेत विकू, असं म्हणणाऱ्या उद्योजकाची पहिल्याच वर्षी अडचण होते.

मग याचा उपयोग कसा करायचा? दोन वाटा निघतात. पहिली वाट सोपी: ज्या झाडांना वाचवायचं त्यांच्यावर शेजारच्या किड्याचा वास लावायचा. घातक किड्याला वाटावं की ही जागा दुसऱ्यांनी घेतली. बायर्स आणि वूड यांनी १९८० साली दाखवलं, की वेस्टर्न पाइन बीटल आणि इप्स पॅराकन्फ्यूसस एकमेकांच्या गंधाने बिचकतात. पेन आणि हॅनलन यांनी १९९१ साली व्हर्बेनोन आणि इप्सडायनॉल एकत्र लावून हेच आणखी पुढे नेलं. एक आपल्या जातीचा हाउसफुल्लचा बोर्ड, दुसरा परक्याचा लाउडस्पीकर.

दुसरी वाट धाडसाची. वास लावून फसवण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला खरोखरच बोलवायचं. माउंटन पाइन बीटल झाडात शिरला आहे, झाड तर जाणारच. पण त्याच झाडावर इप्सडायनॉल लावून इप्स पिनायला आमंत्रण दिलं तर? इप्सची पैदास लवकर होते, ते अंतर्साल भराभर खाऊन टाकतात. मोठ्या शत्रूच्या अळ्यांना खायलाच उरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या झाडातून कमी भुंगेरे बाहेर पडतात. सायमन फ्रेझर विद्यापीठात रँकिन आणि बॉर्डन यांनी १९९१ साली दाखवलं, की इप्स बरोबर असला तर माउंटन पाइन बीटलची संतती घटते. व्हिक्टोरियाच्या पॅसिफिक फॉरेस्ट्री सेंटरमध्ये साफ्रानिक आणि सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९९ साली प्रत्यक्ष जंगलातल्या झाडांवर इप्सडायनॉलच्या जोडीला लॅनिएरोन नावाचा रेणू लावून इप्सना बोलावलं, आणि ते आले. विष नाही, करवत नाही, आग नाही. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच.

तुम्ही विचाराल, मग ब्रिटिश कोलंबिया का वाचलं नाही? बरोबर आहे. आणि इथे मला आपल्याच पुरोगामी मंडळींशी थोडं भांडायचं आहे. 'नैसर्गिक' उपाय म्हटला की आपण टाळ्या वाजवतो आणि हिशेब विचारायचं विसरतो.

पहिला हिशेब संख्येचा. नॉर्वेत १९७०च्या दशकात स्प्रूसवर इप्स टायपोग्राफसची मोठी साथ आली. १९७९ साली देशभर सुमारे ६ लाख सापळे लावले. त्या वर्षी २९० कोटी आणि पुढच्या वर्षी ४५० कोटी भुंगेरे पकडले. आकडे ऐकून छाती दडपते. पण साथ सापळ्यांमुळे ओसरली की हवामान सुधारल्याने, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. वासाचा उपाय साथ लहान असताना चालतो. झाडांमागून झाडं पडायला लागली, भुंगेऱ्यांचे ढग उठायला लागले, की हाउसफुल्लचा बोर्ड कोणी वाचत नाही. दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता 'डबा भरलेला आहे' असं सांगून बघा.

दुसरा हिशेब शेजाऱ्याचा. आमंत्रण देऊन बोलावलेला इप्स हा काही साधू नाही. २००२-०३च्या दुष्काळात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात लाखो पिन्यॉन पाइन मेले, ते एका इप्सनेच मारले. भुकेलेल्या पाहुण्याने यजमानाच्या शेजारच्या घरावर डल्ला मारू नये, याची खात्री कोण देणार? म्हणून हा प्रयोग आधीच मरणाऱ्या झाडांवरच करायचा, आणि इप्सची संख्या कमी असलेल्या हंगामातच. इतकी पथ्यं पाळायची तर माणसं लागतात.

तिसरा हिशेब मित्रांचा. भुंगेऱ्यांना खाणारे भुंगेरेही असतात. थॅनासिमस नावाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा शिकारी आहे, तो सावजाच्या वासावरच शिकार शोधतो. आपण वासाचा सापळा लावला की आपलेच सैनिक त्यात जाऊन पडतात. विस्कॉन्सिनमध्ये राफा आणि क्लेपझिग यांना १९८९ साली दिसलं, की तिथले शिकारी स्थानिक इप्सच्या आवडीपेक्षा वेगळ्या हातांच्या मिश्रणाकडे जास्त जातात. जणू सावजाने आपली बोली बदलून पाठलाग चुकवला आहे. लॅनिएरोनचं महत्त्वही यातच आहे. इप्सना तो ओढतो, शिकाऱ्यांना त्याचं फारसं सोयरसुतक नाही. मिश्रण नीट जुळवलं तर शत्रू पकडता येतो आणि मित्र वाचतो. पण 'नीट' या शब्दात कित्येक वर्षांची मेहनत आहे.

मग हाती काय लागलं? काहीच नाही असं मुळीच नाही. डग्लस-फरसाठी एमसीएचला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९९ साली मान्यता दिली, आणि तेव्हापासून ते दर वर्षी वापरलं जातं. एकरी तीसेक बोंडांएवढ्या प्लॅस्टिकच्या कुप्या झाडांना टोचायच्या, बस्स. ही या क्षेत्रातली सगळ्यात भक्कम यशोगाथा. मात्र तो प्रतिस्पर्ध्याचा नव्हे, खुद्द त्या किड्याचाच 'पुरे' आहे. व्हर्बेनोनचं काम कुठे जमतं, कुठे फसतं. उन्हात त्याचं क्रिसँथेनोन होतं आणि त्याकडे किडा ढुंकून बघत नाही. वेस्टर्न पाइन बीटलवर नुसतं व्हर्बेनोन पुरेसं ठरलं नाही. तेव्हा ख्रिस फेटिग आणि सहकाऱ्यांनी त्यात ॲसिटोफिनोन आणि रुंद पानांच्या झाडांचे हिरवट वास मिसळले, आणि झाडं वाचायला लागली. म्हणजे किड्याला दोन गोष्टी एकदम सांगायच्या: घर भरलंय, आणि हे तुझं झाडच नव्हे. कॅलिफोर्नियात २०१० नंतरच्या सात-आठ वर्षांत दुष्काळ आणि किडे मिळून १२ कोटी ९० लाख झाडं गेली. त्यानंतर अशा मिश्रणांकडे लोक गांभीर्याने बघू लागले.

आणि व्हाइटबार्क पाइन. उंच डोंगरमाथ्यावर वाढणारं, शेकडो वर्षं जगणारं झाड. त्याच्या बिया क्लार्कचा नटक्रॅकर पक्षी पुरून ठेवतो, त्या विसरल्या की रोप उगवतं. अस्वलं त्या बियांवर हिवाळ्याआधी चरबी साठवतात. पूर्वी तिथली थंडी किड्याला वर येऊ देत नसे. आता तो येतो. २०२२ च्या डिसेंबरात या झाडाला अमेरिकेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत घालावं लागलं. ब्लिस्टर रस्ट नावाच्या बुरशीला तोंड देणारी जी थोडी झाडं आढळली आहेत त्यांचं बी पुढच्या लागवडीसाठी हवं आहे. अशा एकेका झाडाला दर उन्हाळ्यात व्हर्बेनोनच्या पुड्या टोचायला माणसं पाठीवर पिशव्या घेऊन चढून जातात. संपूर्ण जंगल वाचवता येत नाही, पण बियाणं वाचवता येतं. मला विचाराल तर या वासांची खरी जागा ही आहे.

पुड्या नकोत तर पर्याय काय, तेही सांगतो. बुंध्यावर कार्बारिल फवारणं. कॅम्पग्राउंड, स्की रिसॉर्ट, कॅबिनभोवतीची झाडं, सगळीकडे अनेक दशकं हेच चाललं. काम चांगलं होतं, एका फवारणीत माउंटन पाइन बीटलपासून दोन हंगाम झाड वाचतं. कार्बारिलचं बाजारातलं नाव सेव्हिन. सभागृहात एकदम शांतता झाली, म्हणजे आठवलं बऱ्याच जणांना. युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यात हेच सेव्हिन बनायचं, आणि त्यासाठीच टाकीत मिथाइल आयसोसायनेट साठवलेलं होतं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ते बाहेर पडलं. रॉकी पर्वतातल्या सुट्टीच्या घरासमोरचं झाड आणि भोपाळच्या जयप्रकाशनगरची वस्ती यांच्यामध्ये एका रेणूचं अंतर आहे. मी कोणाला दोषी ठरवत नाही. फक्त एखादी वस्तू कुठे वापरली जाते आणि कुठे बनते, हे दोन्ही पत्ते एकाच कागदावर लिहायची सवय आपण ठेवावी, असं मला वाटतं.

आता पैशाचं. विष विकणाऱ्याला ते हजार पिकांवर विकता येतं. एका किड्याच्या एका बोलीतला वास एकाच किड्यावर चालतो, तोही काही भागात, काही वर्षी. त्याची नोंदणी करायला चाचण्या मात्र सगळ्या कराव्या लागतात. साथ ओसरली की गिऱ्हाईक नाहीसं. एवढ्याशा बाजारासाठी मोठी कंपनी पैसा घालत नाही, आणि धंद्याच्या हिशेबाने ते चूकही नाही. म्हणून तुम्ही पाहाल, आज मी जी नावं घेतली त्यांतली बहुतेक विद्यापीठांतली किंवा सरकारी वनखात्यांतली आहेत. इप्सला बोलावण्याची दुसरी वाट अजून प्रयोगाच्या निबंधांतच राहिली, त्यामागे इप्सच्या धोक्याइतकंच हेही कारण आहे. सरकारी संशोधनाला कात्री लावा म्हणणारे आपल्या पार्ट्यांतही भेटतात. त्यांना व्हाइटबार्कचं बी कोण गोळा करणार हे विचारायला हरकत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण देऊन आवरतं घेतो, कारण संबंध खरा आहे. कपाशीची गुलाबी बोंडअळी. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ती नाहीशी झाल्याचं कृषी खात्याने २०१८ साली जाहीर केलं. बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणं, शेतात कामगंध पसरून नर-मादीची भेटच होऊ न देणं आणि हंगाम संपल्यावर शेत साफ करणं, हे सगळं एकाच वेळी, सबंध खोऱ्यातल्या सगळ्या शेतांत, सरकार आणि शेतकरी मिळून. त्याआधी एकच वर्ष, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. गुलाबी बोंडअळीने बीटीला त्याआधीच दाद देणं सोडलं होतं. कामगंध सापळे विदर्भातही आहेत, तोच रेणू, तोच वास. पण दोन एकरवाल्याने एकट्याने शेताच्या बांधावर सापळा लावला आणि शेजाऱ्याने नाही लावला, तर शेजारचे पतंग येतच राहतात. वास बांध ओळखत नाही. तिथे रेणूपेक्षा गावाने एकत्र येणं जास्त अवघड आहे, आणि त्यावर संशोधनाला ग्रँट मागितलेली मी तरी पाहिलेली नाही.

शेवटी ज्यांची डोंगरात कॅबिन आहे त्यांच्यासाठी, कारण मघाशी जेवताना तिघांनी विचारलं. आधी झाड ओळखा. डग्लस-फरला एमसीएच, लॉजपोल आणि व्हाइटबार्कला व्हर्बेनोन, उलटं चालत नाही. पुड्या किडे उडायच्या आधी लावायच्या, बुंध्याच्या उत्तरेच्या, सावलीच्या बाजूला, हात पोचेल तितक्या उंच. बुंध्यावर पॉपकॉर्नसारखे राळेचे गोळे आणि मुळाशी तांबूस भुसा दिसला, तर किडा आत शिरलेला आहे. त्या झाडाला पुडी लावून उपयोग नाही, शेजारच्या झाडांना लावा. तांबड्या झाडावर पैसे मुळीच घालवू नका. आजूबाजूला सगळीकडे साथ भडकलेली असेल तर पुडीवर विसंबू नका, स्थानिक वनखात्याच्या माणसाला आधी बोलवा. आणि शेकोटीसाठी दुसऱ्या गावाहून सालीसकट लाकूड आणू नका, त्यात पाहुणे असतात.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न चहाबरोबर घेऊ या.